आमची वाटचाल : गाठ मधल्या थरात बसावी म्हणून

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या लहानशा गाळ्यात आज गोधड्या शिवण्याचे एक मोठे लाँगआर्म यंत्र, बारा फुटांची चौकट आणि किसननगरहून कामाला येणाऱ्या चार जणी आहेत. सुरुवात नौपाड्यातील घरी, सासूबाईंच्या हाताखाली झाली. जुन्या मऊ लुगड्यांचे थर अंथरून त्या धावदोऱ्याने गोधडी भरत, आणि दोरा किती ओढायचा हे त्यांची बोटेच ठरवत. ओळखीच्या लोकांकडून मागणी वाढत गेली, हाताने ती पुरी होईना, म्हणून कर्ज काढून यंत्र घेतले.

हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा असतो. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा, म्हणजे सुईखालच्या छोट्या रिळाचा, असे दोन दोरे एकमेकांत अडकतात आणि त्यांची गाठ वरचे कापड व अस्तर यांच्या मधल्या भरावात लपली पाहिजे, हे आम्हाला माहीत होते. पण ती तिथे नेमकी कशामुळे बसते, हे शिकायला पहिले वर्ष खर्ची पडले. घरच्या शिलाई मशीनमध्ये कापड सरकते आणि सुई जागेवर राहते. लाँगआर्ममध्ये कापड चौकटीच्या रुळांवर स्थिर असते आणि यंत्राचे संपूर्ण डोके चारही दिशांना फिरते, त्यामुळे सुई प्रत्येक दिशेला किंचित वाकते आणि डावीकडे जाताना उत्तम पडलेला टाका उजवीकडे येताना बिघडू शकतो. म्हणून सरळ रेषेवर केलेली चाचणी आम्ही ग्राह्य धरत नाही. चारही दिशा आणि दोन्ही बाजूंची वर्तुळे शिवूनच पाहतो.

आमची पहिली मोठी मागणी बारा गोधड्यांची होती आणि त्यांपैकी सात परत आल्या. वरून नक्षी सुरेख दिसत होती; मागे मात्र प्रत्येक वळणावर वरच्या दोऱ्याचे बारीक फासे लोंबत होते आणि धुतल्यावर ते कशातही अडकून ओढले गेले असते. ग्राहकाची तक्रार पूर्णपणे रास्त होती. शिवत असतानाही मागे फासे दिसले होते. तेव्हा आम्ही वरचे टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, घट्ट करत गेलो, फरक पडेना म्हणून बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा, स्क्रूही फिरवला आणि शेवटी मूळ स्थिती काय होती हेच कोणाला आठवेना. नंतर शांतपणे पाहिले तेव्हा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये दोऱ्याच्या तुसांचा एक गोळा सापडला. त्या गोळ्याने चकत्या विलग धरून ठेवल्या होत्या, दोरा त्यांच्यामधून सैलच जात होता आणि बाहेरची कळ कितीही आवळली तरी त्याच्यावर पकड येत नव्हती. सात गोधड्यांची शिलाई उसवायला आम्हाला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी विसरलेले नाही.

तेव्हापासून क्रम ठरला आहे आणि तो कोणीही मोडत नाही. प्रथम सुई नवी घालायची, ती पूर्ण वर गेली आहे आणि तिची खाच हुकाच्या, म्हणजे सुईचा दोरा पकडून बॉबिनभोवती फिरवणाऱ्या भागाच्या, बाजूला आहे याची खात्री करायची. आम्ही बहुधा ३.५ किंवा ४.० क्रमांकाची, म्हणजे १०० किंवा ११० जाडीची सुई वापरतो; जाड दोऱ्याला बारीक सुई दिली की दोरा घासून तुटतो आणि दोष टेन्शनला दिला जातो. मग हुकाभोवतालची तुसे ब्रशने काढायची आणि चकत्यांतून दोरा पुढेमागे ओढून तो खोल बसवायचा. त्यानंतर बॉबिन केस तळहातावर ठेवून तिचा दोरा वर उचलायचा : केस कडेवर उभी राहावी, पण हातावरून सहज उचलली जाऊ नये. बॉबिनचा ताण असा ठरला की त्याला हात लावायचा नाही आणि उरलेली जुळवणी वरच्या कळीनेच करायची. बॉबिनचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचे टेन्शन जास्त. वरचा दोरा मागे सरळ रेषेसारखा आडवा पडला तर ते कमी. बॉबिन केसचा स्क्रू फिरवावाच लागला तर घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतकाच, आणि तेही वहीत लिहून.

एका चुकीचा उल्लेख मला मुद्दाम करावासा वाटतो, कारण नवीन माणूस ती हमखास करतो. चौकटीवर गोधडी ढोलाच्या कातड्यासारखी ताणली की काम नीटनेटके होईल असे वाटते. प्रत्यक्षात सुई जास्त वाकते, टाके सुटतात आणि गाठ भरावात शिरायला कापड मोकळीक देत नाही. खालून बोट टेकवले असता वरून ते चिमटीत धरता यावे, इतकी ढील आम्ही ठेवतो. बॉबिन सैल किंवा वेडीवाकडी भरली असेल, किंवा केसमधली लहान स्प्रिंग झिजली असेल, तर वळणावर यंत्र थबकताच बॉबिन नाहक फिरत राहते आणि नेमके तिथेच टाके बिघडतात. हा दोष आम्हाला सर्वांत उशिरा उमगला.

पावसाळा हा आमच्याकडे स्वतंत्र विषय आहे. ठाण्याच्या दमट हवेत पॉलिस्टर दोऱ्यावर फारसा परिणाम होत नाही; परंतु दोन दिवस सुट्टी आली की हुकावर आणि सुईच्या पट्टीवर गंजाचे ठिपके उमटतात आणि खरखरीत झालेला हुक दोऱ्याचे तंतू ओढतो. जून ते सप्टेंबरमध्ये काम नसले तरी रोज सकाळी हुकावर तेलाचा एक थेंब टाकून यंत्र काही मिनिटे चालवतो.

आज प्रत्येक मागणीपूर्वी आम्ही त्याच कापडाची, त्याच भरावाची आणि त्याच दोऱ्याची हातभर पट्टी शिवतो आणि तिच्यावर सुईचा क्रमांक व टेन्शनचा आकडा खडूने लिहून ठेवतो. ग्राहक गाळ्यावर आले की ती पट्टी त्यांच्यासमोर मागची बाजू वर करून ठेवली जाते आणि त्यांनी तिच्यावरून बोट फिरवून होकार दिल्यावरच मुख्य गोधडी चौकटीवर चढते.