मी मॉड होते

सध्या रोज रात्री लेकीला जिल मर्फीचं 'द वर्स्ट विच' वाचून दाखवतेय. म्हणजे पुस्तक इंग्रजी, तोंडाने मराठी. पहिल्याच पानावर गाडी अडली. 'विच'ला काय म्हणायचं? चेटकीण म्हटलं की तिला 'अलबत्या गलबत्या'तली चिंची आठवते आणि ती खदाखदा हसत सुटते. मला मात्र त्या शब्दाबरोबर नंदुरबारकडच्या बातम्या आठवतात, बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या. शेवटी 'जादूशाळेतल्या मुली' यावर तडजोड झाली.

पुस्तक १९७४ चं. मर्फीबाईंनी शाळेत असतानाच ते लिहायला घेतलं होतं, चित्रंही त्यांचीच. त्या स्वतः नन चालवायच्या त्या शाळेत शिकलेल्या, त्यामुळे जादूशाळेतल्या कडक हार्डब्रूम बाई कुठून आल्या असतील ते कळतंच. नायिका मिल्ड्रेड. उंच, किडकिडीत, वेण्या सुटलेल्या, हात लावेल ते बिघडणार. सगळ्या मुलींना काळं मांजर मिळतं आणि हिच्या वाट्याला येतं पट्ट्यापट्ट्यांचं, कारण काळी संपली! आणि ते झाडूवर बसायला एवढं घाबरतं की नखं रोवून चिकटूनच राहतं. त्या मांजरावर लेकीचा फार जीव.

माझा जीव अडकला तो दुसऱ्या भागात. शाळेत एनिड नावाची नवी मुलगी येते आणि तिला सांभाळायचं काम मिल्ड्रेडवर पडतं. मिल्ड्रेडची जिवाभावाची मैत्रीण मॉड, गोलमटोल, चष्मेवाली. ती रुसते. रुसून जाते कुणाकडे, तर एथेलकडे. वर्गातली सगळ्यात खडूस मुलगी, मिल्ड्रेडची हाडवैरीण.

इथे माझा आवाज बसला. लेक म्हणाली, "आई, वाच ना."

सहावीत आमच्या वर्गात जानेवारीत एक मुलगी आली. वडिलांची बँकेत बदली झालेली. बाईंनी तिला माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या बाकावर बसवलं. दोघींचा बाक, त्यात तिसरी. मैत्रिणीचं आणि तिचं लगेच जमलं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी डब्याच्या झाकणात भाजी वाटून घ्यायचो. माझ्या घरची बटाट्याची, तिच्याकडची मेथीची, मध्ये लोणच्याची फोड. आता झाकणात तीन भाज्या यायला लागल्या. मी चौथ्या दिवशी डबा उचलला आणि मागच्या बाकावर गेले. तिथे बसणारी मुलगी मला मुळीच आवडायची नाही, मैत्रिणीला तर त्याहून नाही. म्हणूनच गेले. जाताना मैत्रिणीचं एक गुपितही बरोबर नेलं. ती अजून रात्री अंथरूण ओलं करते, हे. दुपारपर्यंत वर्गभर झालं.

इतकी वर्षं ही गोष्ट मी 'मला बाजूला टाकलं' अशीच सांगत आले. नवऱ्याला सांगितली तेव्हा गुपिताचा भाग सोयीस्करपणे गाळला होता.

दिवा मालवायच्या आधी लेकीने विचारलं, "पण मिल्ड्रेडने मॉडला जा म्हटलंच नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग ती का गेली?"

मी म्हटलं, उद्या वाचू. ती झोपली. मी तशीच पडून तो बाक आठवत राहिले. डाव्या कडेला नवी मुलगी, शेजारी मैत्रीण, आणि उजवीकडे जागा. त्या दोघी सरकून बसायच्या. मी मागे गेल्यावरही दोन-तीन दिवस त्या तशाच सरकून बसल्या होत्या. मैत्रिणीने दप्तरसुद्धा खाली पायाशी ठेवलं होतं, बाकावर नाही.