काकाजींची डबल बेल

मी नागपुरात दृष्टिहीन लोकांना स्मार्टफोन शिकवते, मी स्वतःही पूर्ण अंध आहे. येणाऱ्यांना काय हवं असतं ते आता पाठ झालंय, व्हॉट्सॲप, यूट्यूब, फोन लावणं, नातवंडांचे व्हॉइस मेसेज ऐकणं. पण मागच्या वर्षी ऐन मे महिन्यात एक काकाजी आले, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, काचबिंदूने दोन्ही डोळे हळूहळू गेलेले, आणि बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, मले बाकी काही नाही पायजे. माह्या खात्यात किती पैसे हायेत ते मले एकट्याले आयकू आलं पायजे."

आतापर्यंत बॅलन्स पोरगा वाचून दाखवायचा, तोही मोठ्याने, घरात कोण बसलंय ते न बघता. पिन तर घरात सगळ्यांनाच माहीत. पोरगा चांगला आहे हो, काकाजी तसं स्वतःच सांगत होते, पण ज्या माणसाने नोकरीभर रोज रात्री डेपोत पै-पैचा हिशोब स्वतः दिला त्याला स्वतःच्याच पैशाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागत होता, आणि ते त्यांना फार लागलं होतं. मला ते लगेच समजलं, कारण हे आपल्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या घरात होतं.

लोकांना वाटतं काचेवर बटनं नाहीत म्हणजे आंधळ्याला टचस्क्रीन जमणारच नाही. पण स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय फोनमध्येच असते, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, दोन्ही 2009 सालीच आलेत, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. बोट काचेवर फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते फोन बोलतो, उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, डावीकडे केलं की मागची, आणि हवं ते ऐकू आलं की स्क्रीनवर कुठेही डबल टॅप, झालं. काकाजींचं गाडं मात्र तिथेच अडलं. पहिला टॅप द्यायचे, मग बरोबर लागला का म्हणून थांबायचे, तोवर वेळ निघून जायची. त्यात उन्हाने बोटं घामेजलेली, कूलरच्या घरघरीत फोनचा आवाज बुडालेला. मी कूलर बंद केला, बोटं रुमालाने पुसायला लावली आणि म्हटलं, "काकाजी, गाडी सोडताना डबल बेल कशी मारायचे?" त्यांनी टेबलावर बोटाने टक-टक वाजवून दाखवलं, न थांबता. म्हटलं, अगदी तशीच काचेवर मारा. फोन उघडला! त्यानंतर डबल टॅप हा शब्द आमच्यात कोणीच वापरला नाही.

मग बँकेचं ॲप उघडलं आणि तिथे मला खरंच राग आला. स्वाइप केलं, "बटन". परत स्वाइप, "बटन". परत, "अनलेबल्ड, बटन". कुठलं बॅलन्सचं, कुठलं पैसे पाठवायचं, काही पत्ता नाही, सगळी नुसती चित्रं. बघणाऱ्याला चित्र दिसतं पण टॉकबॅकला नाव लागतं, आणि ते नाव द्यायला बनवणाऱ्याला कोडमध्ये कंटेंट डिस्क्रिप्शनची एक ओळ लिहायची असते. बस, एक ओळ. कधीकधी टॉकबॅकच्या मेनूतून आपणच अशा बटनाला लेबल लावू शकतो, पण इथे ती सोयही चालली नाही. काकाजी गप्प झाले, म्हणाले, "म्हंजे माह्याच्यानं नाही होत का जी?" मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे, ॲपचं चुकलंय. हे मी प्रत्येकाला ठासून सांगते, कारण नवीन माणूस पहिला दोष स्वतःलाच देतो.

त्यांच्या फोनमध्ये एक यूपीआय ॲपही होतं आणि त्यातली बटनं नीट बोलत होती. कानात इअरफोन घातला, टॉकबॅकच्या मेनूतून स्क्रीन लपवली म्हणजे शेजारच्यालाही काही दिसणार नाही. बॅलन्स तपासा, डबल बेल, पिनचा कीपॅड आला. इथे त्यांचा अंगठा काचेवर घुटमळत राहिला, मी हात धरून बघितलं तर साध्या फोनच्या पाचवर असतो ना उंचवटा, तो शोधत होते! म्हटलं तो इथे नाही, पण सगळ्यात वरच्या ओळीत एक-दोन-तीन, शून्य खाली मधोमध, बोट फिरवा, आकडा कानात येईल. मी हात काढून घेतला आणि खुर्ची मागे सरकवली, पिन मलाही कळायला नको.

बराच वेळ काही आवाज नाही. मग काकाजी एकदम म्हणाले, "आला! आला बाप्पा आकडा!" किती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लगेच पुढचा प्रश्न, "आता पिन बदलायचा कसा?" तोही त्याच दिवशी बदलला.

बँकेचं ॲप मात्र मी सोडणार नव्हते. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, आणि तो मे महिना लागायच्या आदल्याच दिवशी, म्हणजे 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ही केस केवायसीची, म्हणजे बँकेला वगैरे आपली ओळख पटवून देण्याची होती, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असं ॲप सांगतं ते ॲसिड हल्ल्यातल्या आणि अंध लोकांनी कसं करायचं म्हणून. हे सगळं घालून आम्ही बँकेला मेल केला, कुठल्या स्क्रीनवर कुठलं बटन मुकं आहे त्याची ओळीने यादी दिली. उत्तर आलं, कृपया आपल्या शाखेला भेट द्या.

दुसरा मेल काकाजींनी स्वतः, कीबोर्डच्या माइकवर बोलून लिहिला. मी फक्त ऐकलं आणि एक अक्षरही बदललं नाही. त्यात होतं, ब्रांचमधी मी डोळे होते तवाही येत होतो, मले घरी बसून ॲप वापरायचं हाये, तुमच्या बटनाईले नावं द्या.