ठासणीच्या बंदुकीचा नंबर आणि वारसाचा परवाना: माझा अनुभव

बाबांचं दिवसकार्य उरकताच त्यांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या बागायतीत रानडुकरांचा उपद्रव कायमचा, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना घरात जुना. पण तो बाबांच्या नावावर. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवता येत नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि मग वारसाने अर्ज करायचा.

शस्त्र नियम, 2016 मधला नियम 25 वारसांसाठी आहे. धारकाचं वय 70 झालं असेल किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतही वारसाला परवाना मिळू शकतो. गावातल्या वयस्कर परवानाधारकांनी हे वेळीच करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. बाकी नमुना ए-1 मधला अर्ज, मृत्यूचा दाखला, आई आणि बहिणीची ना-हरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र, सातबारा, पोलीस पडताळणी. वेळखाऊ, पण सरळ काम.

अडलं ते नंबरावर. बंदूक जमा करताना हवालदार परवान्यावरचा नंबर नळीवर शोधत होते. घोड्याच्या जवळ ठोकलेले आकडे कोकणातल्या दमट हवेने गंजले होते, शेवटचे दोन तर दिसेनातच. पावतीवर शेरा आला: ‘नंबर अस्पष्ट’.

शस्त्र अधिनियम, 1959 चं कलम 8 मी तेव्हा नीट वाचलं. बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा मान्य ओळखचिन्ह हवंच. ते नसेल तर तिची खरेदी-विक्री किंवा हस्तांतरण होत नाही. त्याहून गंभीर म्हणजे, नंबर खोडलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो खोडला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच.

तपासणीसाठी बंदूक पोलीस मुख्यालयातल्या आर्मररकडे, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्याकडे गेली. त्यांनी तेलात भिजवलेलं फडकं त्या जागेवर बराच वेळ दाबून ठेवलं, हलक्या हाताने पुसलं आणि टॉर्च तिरका धरला. उजेड आडवा पडला तशी आकड्यांची खाच सावलीने उठून दिसली. परवान्याशी नंबर जुळला. “दादा, घरी सँडपेपर नाहीतर तारेचा ब्रश कधी लावू नका,” ते म्हणाले, “गंजाबरोबर नंबरही जातो.” त्यांचा अहवाल अर्जाला जोडला आणि फाईल पुढे सरकली.

तेव्हापासून गावातले लोक मला विचारतात, घरातल्या बिननंबरी गावठी बंदुकीवर नंबर ठोकून घेता येईल का? नाही. कलम 5 प्रमाणे बंदूक बनवायला परवाना लागतो, दुरुस्तीलाही लागतो. लोहाराकडून किंवा स्वतः ठोकलेल्या आकड्याने बंदूक कायदेशीर होत नाही, उलट बनावट खुणेचा गुन्हा वाढतो. असं काही घरात असेल तर आधी वकिलाला गाठा.

शेवटी माझ्या नावाचा परवाना यूआयएन (युनिक आयडेंटिफिकेशन नंबर) क्रमांकासह आला. हा क्रमांक राष्ट्रीय नोंदीतला, परवानाधारकाचा. नळीवरचा नंबर वेगळा. परवान्यावर दोन्ही बरोबर आहेत ना, हे तिथल्या तिथे पाहावं. आता निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करायची वेळ आली की पावतीवर पूर्ण नंबर लिहून घेतो, आणि परत घेताना नळीवरचा आकडा ताडून पाहिल्याशिवाय रजिस्टरवर सही करत नाही.