पिकअप बदलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबक-कॉइलचा भाग, तारेच्या कंपनातून विजेचा सिग्नल काढणारा. गिटार सेटअपला आणणारी निम्मी मुलं हेच विचारतात: "सर, आवाजात दम नाही, कोणते पिकअप टाकू?" मी उलट विचारतो, नक्की काय खटकतंय? कारण "दम नाही" एवढ्यावर हजारो रुपये खर्च करायला मी सांगणार नाही.

आधी स्क्रूड्रायव्हर घ्या; पिकअपची उंची त्याच्या बाजूच्या स्क्रूंनी बदलते. शेवटचा फ्रेट (गिटारच्या मानेवरची शेवटची धातूची पट्टी) दाबून तार आणि पिकअप यांतलं अंतर मोजा. स्ट्रॅटसारख्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) गिटारला जाड तारेखाली साधारण २ मिमी आणि बारीक तारेखाली १.६ मिमी इथून सुरुवात करावी. पिकअप फार खाली गेला असेल तर आवाज मरतो. फार वर असेल तर चुंबक तारेलाच ओढतो, सूर डगमगतो आणि टिकत नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, फुकटात.

घरघर खटकत असेल तर गोष्ट वेगळी. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली, तर दोष बहुधा शिल्डिंगचा, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या आवरणाचा. गिटारमधल्या वायरिंगच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. (सॉकेटला अर्थिंग आहे ना, तेही बघा. तारा ॲम्पच्या ग्राउंडलाच जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रश्न फक्त आवाजाचा नाही, शॉकचाही आहे.) पण तुम्ही जागच्या जागी वळलात की घरघर कमीजास्त होत असेल, तर आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सिंगल कॉइलमध्ये (एकच कॉइल असलेल्या पिकअपमध्ये) शिरतंय. त्याला पट्टी पुरत नाही. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच दुखण्यावर: दोन कॉइल, उलटे वेढे, उलटे चुंबक. तारेचा सिग्नल एकमेकांत मिळतो, घरघर एकमेकांना खोडते. हाच हंबकर. हंबकर रुंद असतो; त्यासाठी गिटारचं लाकूड कापायचं नसेल, तर सिंगल कॉइलच्या मापाचेही हंबकर मिळतात. मात्र सिंगल कॉइलचा तो काचेसारखा लखलखीत वरचा सूर त्यात पूर्ण येत नाही, हे आधीच मनाशी धरा.

हंबकर घालणार असाल तर पॉटही (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा बदलता रेझिस्टर) बघा. सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम), हंबकरला ५०० के हा रिवाज आहे. जुना २५० केचा पॉट तसाच ठेवलात की नवा पिकअप ढप्प वाजतो आणि शिव्या पिकअप बनवणाऱ्याला बसतात.

दुकानात पिकअपच्या किलोओहमचा आकडा जास्त दाखवून "हा हॉट आहे", म्हणजे जोरदार आहे, म्हणतात. नुसत्या त्या आकड्यावरून पिकअप निवडणं म्हणजे तिखटाच्या चमच्यांवरून मिसळ निवडणं. कॉइल गुंडाळायला तार बारीक वापरली तर वेढे तेवढेच असूनही ओहम वाढतात. चुंबक ॲल्निकोचा (एक मिश्रधातू) की सिरॅमिकचा, कॉइलचं इंडक्टन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला विरोध करण्याचा गुण) किती, तुमची केबल किती लांब, यांवर आवाज ठरतो. लांब केबलने आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग दबतो. ती आखूड करून पाहणं सर्वांत स्वस्त.

एवढं करूनही बदलायचाच असेल, तर फक्त ब्रिजचा (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात, त्याच्याजवळचा) बदला. बहुतेकांची खरी नाराजी त्याच्यावरच असते. सोल्डर करण्याआधी जुन्या जोडणीचा फोटो काढा. नवा आणि जुना एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातला आला तर फेज उलटा आहे, म्हणजे दोन्ही पिकअपचे सिग्नल एकमेकांना खोडताहेत: नव्याच्या दोन वायरी अदलाबदल करा. त्याला धातूचं झाकण असेल, तर ते ग्राउंडलाच राहतंय ना, हे आधी तपासा.