लॅमिनेटचा रंग नंतर, आधी गहू किती भरता ते सांगा

सध्या आमच्या ओळखीत निम्म्या घरांत किचनचं काम सुरू आहे आणि जिथे जावं तिथे तोच विषय, ग्लॉसी घ्यायचं की मॅट, पांढरं घेतलं तर हळदीचे डाग पडतील का. पण घरात गहू वर्षाचा भरता की महिन्याचा, हे ना डिझायनर विचारत ना आपण सांगत. माझ्या मते पहिला प्रश्न हाच पाहिजे, कारण नागपुरात अजूनही कितीतरी घरांत उन्हाळा लागला की गहू, तांदूळ, तुरीची डाळ वर्षाची येते, आणि कॅटलॉगमधलं किचन हे दर आठवड्याला अर्धा किलोची पाकिटं आणणाऱ्यांसाठी काढलेलं असतं.

हिशोब सोपा आहे बघा. एक किलो गहू, तांदूळ किंवा डाळीला साधारण सव्वा लीटर जागा लागते, कणकेला पावणेदोन-दोन लीटर, आणि पोहे-मुरमुऱ्यांचं तर विचारूच नका. म्हणजे 2 क्विंटल गहू भरायचा तर 250 लीटर झाले, ओट्याखालचं दोन फुटी अख्खं कपाट भरूनही गहू उरेल. शिवाय वजन! साधा ड्रॉवर ज्यांच्यावर सरकतो ते चॅनल बहुतेक 30 किलोच्या आसपासचे असतात, त्यात धान्य कोंबलं तर ते वाकणारच नं. त्यामुळे वर्षाचं धान्य मॉड्युलरमधे बसवायचा हट्टच सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. पत्र्याची कोठी चांगली, फक्त तिच्यासाठी जागा आधी नकाशात दाखवायची, खाली चार-सहा इंचाचा स्टँड द्यायचा आणि भिंतीला चिकटवायची नाही, पावसाळ्यात भिंत ओल धरते. स्वयंपाकघरात जागा नसेल तर पॅसेजमधे ठेवा, आतल्या खोलीत ठेवा, गहू काही रोज काढायचा नसतो. आणि छतावर कडक उन्हात वाळवलेलं धान्य लगेच कोठीत भरू नये, रात्रभर गार होऊ द्यावं, नाहीतर आत वाफ धरते आणि मग सोंडे म्हणजे धान्यातले किडे होतात. सासूबाई गव्हाला एरंडेल चोळतात आणि मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात, आमच्याकडे हे कधी चुकत नाही.

आता गरमी. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावता येत नाही इतकी तापते. त्या भिंतीवर तेलाचा पिपा, फल्लीदाणे, जवस, बेसन असलं काही ठेवायचंच नाही, खवट वास यायला वेळ लागत नाही. तिकडे भांडी ठेवा, जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे गंज (पातेली) ठेवा, त्यांना काय फरक पडतो. वर्षाचं तिखट सुद्धा गॅसच्या वरच्या शेल्फवर नको. भिवापुरी मिरची एवढी मन लावून निवडून आणायची, देठं काढायची, कांडून आणायची आणि मग उजेडात-वाफेत ठेवून तिचा रंग घालवायचा, हे मला बघवत नाही. रोजच्या मिसळणाच्या डब्यापुरतं जवळ ठेवायचं आणि बाकी सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, खालच्या बाजूला.

एक गोष्ट बाहेरचा डिझायनर कधीच धरत नाही, ती म्हणजे कूलर. हॉल आणि किचन एकच मोठं उघडं केलं की कूलरची सगळी दमट हवा स्वयंपाकघरात येते आणि भर उन्हाळ्यात मीठ ओलं होतं, ज्वारीचे पापड नरम पडतात. ओपन किचन करू नका असं नाही म्हणत, पण कूलरच्या झोतासमोर उघडे रॅक नको, तिथे दाराचं कपाट द्या. कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या, पापड हे सगळं हलकं असतं, जागा मात्र खूप खातं, म्हणून सगळ्यात वर लॉफ्टमधे मोठ्या स्टीलच्या डब्यांत हे ठेवायचं. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर लॉफ्ट तापतो, पण वाळवणाला ते चालतं.

जड वस्तू कमरेच्या उंचीवर हव्या, कुकर, मोठी कढई, तांदळाचा रोजचा डबा, हे सगळं वाकल्याशिवाय हाती लागलं पाहिजे, आणि हे मी घरातल्या सत्तरीच्या बाईकडे बघून म्हणते आहे. गुडघे दुखत असताना खालच्या कोपऱ्यातून गंज ओढून काढणं म्हणजे काय ते तिलाच माहीत. म्हणून मोजमाप घेताना तिला समोर उभं करा, तिचा हात कुठवर पोचतो ते बघा, वरचं शेल्फ तिथेच थांबवा. सिंकखाली मात्र प्लायवूड चांगलं घ्या, आयएस 710 म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघून, पार्टिकल बोर्ड तिथे फुगतं.

सिलिंडरच्या कपाटाला खालून जाळी ठेवायला सुताराला सांगा, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खालीच साचतो. आलू आणि कांदे एका टोपलीत नको, वेगळ्या जाळीच्या टोपल्या, दोन्ही बंद कपाटाबाहेर. आणि हिवाळ्यात संत्र्याची पेटी येते तिची पण जागा आधीच ठरवून ठेवा, आमची तरी बाल्कनीत सावलीला असते.