सीमेच्या दोन बाजूंचा आरोग्यविमा

जर्मनीतल्या आखेनमध्ये त्वचेच्या डॉक्टरकडे वेळ घ्यायला फोन केला, की काय होतंय हे नंतर विचारतात. आधी प्रश्न येतो, "विमा सार्वजनिक की खासगी?" खासगी म्हटलं की पुढच्याच आठवड्यातली वेळ, नाहीतर दोन-तीन महिने वाट बघा.

तीसेक किलोमीटरवर, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे कुणी विचारत नाही. पूर्वी नेदरलँड्समध्येही अशीच भिंत होती. साधारण दोन-तृतीयांश लोक सार्वजनिक विम्यात, बाकीचे बहुतेक खासगीत. सरकारने नेमलेल्या डेकर समितीने १९८७ मध्ये ती पाडायला सांगितलं, प्रत्यक्षात पडली २००६ मध्ये. आता सगळ्या विमा कंपन्या खासगी, पण मूळ विम्यात काय काय हवं ते सरकार ठरवतं. कुणालाही नाकारायचं नाही, वय किंवा आजार बघून हप्ता वाढवायचा नाही. ज्या कंपनीकडे आजारी माणसं जास्त, तिला सामाईक निधीतून जास्त पैसे. हे शेवटचं नसतं, तर सगळ्या कंपन्या धडधाकट तरुणांच्याच मागे लागल्या असत्या.

त्रास आहेच. दर नोव्हेंबरला मैत्रीण पॉलिसींची तुलना करत बसते. वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून (फॅमिली डॉक्टरची फी यात धरत नाहीत). ते एकदा भरून झाले, की उरलेल्या तपासण्या डिसेंबर संपायच्या आत उरकायची घाई.

माझे पैसे पगारातूनच जातात: १४.६ टक्के आणि वर थोडी भर, त्यातले निम्मे मी नोकरी करतो ती कंपनी देते. ही सोय मला आवडते, खोटं कशाला बोलू!

पण जर्मनीने वरच्या पगारवाल्यांसाठी मागचं दार उघडं ठेवलंय. पगार एका मर्यादेच्या वर गेला (२०२५ मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती), की सार्वजनिक विम्यातून बाहेर पडता येतं. म्हणजे ज्यांची वर्गणी सगळ्यात मोठी, त्यांनाच निघून जायची मुभा. सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन हे पक्ष वीसेक वर्षं सगळ्यांना एकाच विम्यात आणायचं म्हणताहेत. खासगी पेशंटमागे डॉक्टरांना जास्त फी मिळते, त्यामुळे त्यांच्या संघटनांचा विरोध. मधल्या काळात सुधारणा कसली, तर २००४ मध्ये डॉक्टरकडे जायची तिमाहीला १० युरो फी लावली आणि २०१२ च्या अखेरीस काढून टाकली.

माझा पगार मर्यादेपलीकडे गेल्यावर एका एजंटने आजचा स्वस्त हप्ता दाखवला. पंचावन्ननंतर परतीची वाट जवळजवळ बंद होते, हे मला विचारून काढावं लागलं. शिवाय बायकोची सध्या नोकरी नाही, मुलं दोन. सार्वजनिकमध्ये ती तिघं माझ्याच वर्गणीत येतात, खासगीत चौघांचे चार हप्ते. मी आहे तिथेच राहिलो.