कॉम्प्युटर स्लो झालाय? आधी कॉपी करा, रिपेअर नंतर

मागच्या वर्षी आमचा घरचा कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला. म्हणजे चालू व्हायलाच पाच-सहा मिनिटं, फोटोंचं फोल्डर उघडलं की ते गोल चक्र फिरतच बसायचं आणि मधेच सगळं हँग. मी व्हायरस असेल असं धरून चाललो, रात्रभर फुल स्कॅन लावला, काहीच सापडलं नाही, मग विंडोजनेच मेसेज दिला की ड्राइव्हमध्ये एरर आहेत तर मी सरळ चेकडिस्क (विंडोजचंच डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवलं, तेही स्लॅश आर लावून, म्हणजे प्रत्येक सेक्टर, डिस्कवरचा माहिती साठवायचा छोटासा कप्पा, वाचून बघणारं. ते मधेच अडकलं, आणि सकाळी डिस्कमधून टक टक टक आवाज येत होता. त्या डिस्कवर मुलीचे पहिल्या दोन वर्षांचे व्हिडिओ होते. अर्ध्याहून जास्त गेले ते गेलेच.

नंतर कळलं की माझा क्रम उलटा होता, आणि बहुतेक लोक हाच क्रम करतात म्हणून एवढं लिहितोय.

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही की डिस्क तोच परत परत वाचायचा प्रयत्न करते, तोपर्यंत विंडोज ताटकळत बसतं, आणि आपण म्हणतो कॉम्प्युटर स्लो झाला. अशा थकलेल्या डिस्कला चेकडिस्क लावलं की तिला सगळीच्या सगळी तबकडी वाचायला लावतो आपण, म्हणजे असलेली ताकद तपासण्यातच संपते. शिवाय चेकडिस्क फाइल सिस्टीमची, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदींची, घडी नीट बसवतं, त्या फाइलमधला आपला व्हिडिओ शाबूत राहिला की नाही याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

त्यामुळे डिस्कवर संशय आला की सगळं थांबवा, दुसरी डिस्क जोडा आणि ज्या फाइल परत मिळणार नाहीत त्या सगळ्यात आधी कॉपी करा. गाणी, सिनेमे, सेटअप फाइल नंतर बघता येतात. कॉपी सारखी अडकत असेल तर लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) डीडीरेस्क्यू नावाचं टूल आहे, ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांवर नंतर परत येतं. आणि टक टक आवाज येत असेल तर तेवढंही करू नका, लगेच पॉवर बंद करा. मग काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. घरी डिस्क उघडू नका, फ्रीजरमध्ये ठेवायचा जो उपाय फिरत असतो तोही नको, आत बाष्प धरलं तर उरलीसुरली आशा पण जाते.

तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कने स्वतःच्या तब्येतीची लिहून ठेवलेली माहिती दाखवतं, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात तीन ओळी बघायच्या, रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले), पेंडिंग (संशयित) आणि अनकरेक्टेबल (वाचताच न येणारे) सेक्टर. तिन्ही शून्य हवेत. शून्य नसले तर दर आठवड्याला बघा, आकडा वाढत असेल तर डिस्क बदलाच. पण सगळं "गुड" दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलच्या इंजिनीअरांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडलं तर स्मार्टमध्ये कसलीच चाहूल दिली नव्हती! एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, तर बऱ्याचदा काही न बोलता एका दिवसात जाते, आवाज नाही काही नाही. (एसएसडीला डीफ्रॅग, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, करू नका. विंडोजचं ऑप्टिमाइझ तिला ट्रिम देतं, म्हणजे कुठली जागा आता मोकळी आहे ते कळवतं, तेवढं पुरे. आणि एकुलती एक कॉपी एसएसडीवर टाकून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका, पॉवरशिवाय तिच्यातला चार्ज हळूहळू उतरतो.)

म्हणून शेवटी गाडी बॅकअपवरच येते. फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम मला सगळ्यात पटतो, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. गूगल ड्राइव्ह किंवा दुसऱ्या क्लाउडला सिंक आहे म्हणजे बॅकअप आहे असं मीही समजायचो. पण सिंक म्हणजे इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट, ट्रॅशमध्ये काही दिवस राहील एवढंच. आणि बॅकअपची डिस्क सतत जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर जोडलेली डिस्कही लॉक करतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं असंच रॅन्समवेअर पसरलं तेव्हा त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच येऊन गेला होता, लोकांनी अपडेट टाकलं नव्हतं. त्यामुळे अपडेट "नंतर करू" म्हणून ढकलत बसू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

आणखी एक, विंडोज ११ मध्ये बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला कुलूप, आपोआप चालू असतं. मदरबोर्ड (कॉम्प्युटरचं मुख्य सर्किट) गेला आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आत्ताच शोधून कागदावर लिहून ठेवा, प्लीज.

बाकी धूळ काढणं वगैरे सगळ्यांना माहीत असतं, फक्त हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. घड्याळ सारखं मागे जात असेल आणि वेबसाइट सर्टिफिकेट एरर देत असतील तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्यासारखा सेल बदला, फॉरमॅट मारायची गरज नाही. रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी साफ करतो म्हणणारं सॉफ्टवेअर) आणि पीसी बूस्टर मात्र काढूनच टाका, त्यांनी कॉम्प्युटर फास्ट झालेला मी तरी बघितला नाही.

आता मी महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर काढून उघडून बघतो. पहिल्याच वेळी फाइल सापडेना. बॅकअप रोज व्यवस्थित चालू होता, हिरवी टिक येत होती, पण जागा कमी पडली म्हणून मी फोटो कधीतरी डी ड्राइव्हवर हलवले होते आणि डी ड्राइव्ह बॅकअपच्या यादीत नव्हताच. सात महिन्यांचे फोटो एकाच डिस्कवर होते. त्याच रात्री जागून सगळे कॉपी केले.